मुलाला दम्याचा अटॅक आला तर कोणता नेब्युलायझर चांगला? की पंप आणि स्पेसरच पुरेसा?

पावसाळ्यातली दमट हवा, दिवाळीचे फटाके, थंडीतली धूळ. या दिवसांत धाप लागलेल्या मुलांना घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या पालकांची गर्दी वाढते. क्लिनिकमध्ये मुलाच्या तोंडावर मास्क लावला जातो, मशीनची घरघर सुरू होते आणि दहा-पंधरा मिनिटांत मूल जरा मोकळा श्वास घेऊ लागतं. हे पाहिल्यावर बरेच पालक ठरवतात की असं एक मशीन आपल्या घरीही हवं.

ऑनलाइन शोधायला गेलं की मात्र गोंधळ उडतो. कॉम्प्रेसर, अल्ट्रासॉनिक, मेश अशी वेगवेगळी नावं दिसतात. काही मशीन दीड-दोन हजारांत मिळतात, तर काही त्याच्या कितीतरी पट महाग असतात. प्रत्येकाच्या जाहिरातीत 'औषध फुप्फुसात खोलवर पोचवतो' असं लिहिलेलं असतं.

मग दम्याचा अटॅक आलेल्या मुलासाठी यातलं कोणतं मशीन चांगलं? आपत्कालीन विभागात डॉक्टर काय वापरतात? आणि मुळात दर वेळी मशीनची गरज असते का?

अटॅकमध्ये नेमकं काय होतं?

दम्याच्या अटॅकमध्ये तीन गोष्टी घडतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, नलिकांना आतून सूज येते आणि त्यात चिकट कफ साचतो. लहान मुलांच्या नलिका आधीच अरुंद असतात. त्यामुळे थोडी सूज आली तरी हवेची वाट बरीच बंद होते. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, छाती घरघरते आणि मूल पोट हलवून श्वास घेऊ लागतं.

यावर पहिलं औषध म्हणजे सालब्युटामॉल. ते आवळलेले स्नायू सैल करतं आणि काही मिनिटांतच परिणाम दाखवू लागतं. अटॅक जास्त असेल तर डॉक्टर त्यासोबत इप्राट्रोपियम नावाचं दुसरं औषधही देतात. सूज कमी करण्यासाठी तोंडावाटे किंवा शिरेतून स्टेरॉइड दिलं जातं, पण त्याचा परिणाम दिसायला काही तास लागतात.

सालब्युटामॉल थेट श्वासनलिकेत पोचवणं हे पहिल्या तासातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. नेब्युलायझर आणि पंप ही दोन्ही त्यासाठीचीच साधनं आहेत. औषध तेच असतं, फक्त पोचवण्याची पद्धत बदलते.

नेब्युलायझर म्हणजे वाफ नव्हे

आपल्याकडे नेब्युलायझर लावण्याला सर्रास 'वाफ देणं' म्हणतात. पण गरम पाण्याची वाफ आणि नेब्युलायझर यांचा काहीही संबंध नाही. नेब्युलायझर द्रव औषधाचे अतिशय बारीक थेंब करतो. हे थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉन आकाराचे असतील तर ते खालच्या श्वासनलिकांपर्यंत जातात. त्याहून मोठे थेंब तोंडात आणि घशातच अडकतात, तर फार बारीक थेंबांपैकी बरेचसे श्वास सोडताना बाहेर पडतात. अटॅक आलेल्या मुलाला गरम पाण्याची वाफ देऊन श्वासनलिका मोकळ्या होत नाहीत. उलट गरम पाणी सांडून भाजण्याचा धोका असतो.

हे थेंब कसे तयार होतात, यावरून नेब्युलायझरचे तीन मुख्य प्रकार पडतात.

१. जेट नेब्युलायझर

दवाखान्यात आणि घरात सगळ्यात जास्त दिसतो तो हा प्रकार. दुकानात याला 'कॉम्प्रेसर नेब्युलायझर' म्हणतात. कॉम्प्रेसर, ऑक्सिजन सिलिंडर किंवा भिंतीवरच्या पॉइंटमधून येणारी हवा एका अरुंद छिद्रातून जोरात सोडली जाते. तिच्या वेगामुळे कपातलं औषध वर ओढलं जातं आणि त्याचे थेंब होतात. मोठे थेंब आडव्या पट्टीवर आपटून परत कपात पडतात आणि बारीक थेंब मास्ककडे जातात.

हा प्रकार स्वस्त आणि दणकट आहे. दम्याची जवळपास सगळी औषधं त्यात चालतात. तोटे म्हणजे आवाज, एका डोससाठी लागणारी साधारण दहा मिनिटं आणि औषधाची नासाडी. मशीन फुसफुसायला लागलं तरी कपात सुमारे १ मिली औषध उरतंच. सालब्युटामॉलची एक रेस्प्यूल साधारण अडीच मिलीची असते. ती तशीच टाकली तर बरंच औषध कपात राहतं. म्हणून नर्स त्यात सलाइन घालून एकूण ३ ते ४ मिली करतात.

साध्या जेटमध्ये मूल श्वास सोडत असतानाही औषध बाहेर पडत राहतं आणि तेवढं वाया जातं. यावर उपाय म्हणून काही सुधारित जेट नेब्युलायझर आले. त्यातले काही श्वास घेताना जास्त औषध सोडतात, तर काही फक्त श्वास आत घेतल्यावरच सुरू होतात. दुसऱ्या प्रकारात औषध वाया जाणं खूप कमी होतं, पण तो सुरू होण्यासाठी मुलाला पुरेशा जोराने श्वास घ्यावा लागतो. दमलेल्या किंवा अगदी लहान मुलाला ते जमेलच असं नाही.

२. अल्ट्रासॉनिक नेब्युलायझर

यात एक स्फटिक अतिशय वेगाने कंप पावतो आणि त्या कंपनांनी औषधाचे थेंब होतात. आवाज जवळजवळ नसतो. पण औषध थोडं तापतं, आणि पाण्यात पूर्ण न विरघळणारी औषधं यात नीट चालत नाहीत. ब्युडेसोनाइड हे नेब्युलायझरमधून दिलं जाणारं स्टेरॉइड नेमकं याच प्रकारचं आहे. त्याचे कण द्रवात तरंगत असतात. मशीन चालू असतं, धुकंही दिसतं, पण औषध मागेच राहतं. म्हणून दम्याच्या मुलांसाठी अल्ट्रासॉनिक मशीन घेऊ नये असंच साधारणपणे सांगितलं जातं.

३. मेश नेब्युलायझर

हा सगळ्यात नवा आणि महाग प्रकार. यात सूक्ष्म छिद्रं असलेली एक जाळी असते. ती कंप पावते आणि औषध त्या छिद्रांतून थेंब होऊन बाहेर पडतं. मशीन हातात मावतं, बॅटरीवर चालतं, आवाज करत नाही. औषध तापत नाही आणि मागे फार कमी उरतं. त्यामुळे तेवढ्याच डोसमधून जेटपेक्षा जास्त औषध फुप्फुसात पोचतं.

आयसीयूमध्ये मेशचा आणखी एक उपयोग आहे. मूल व्हेंटिलेटरवर असेल तर जेटमुळे नळीत जास्तीची हवा जाते, मेशमुळे जात नाही.

अडचण आहे ती जाळीची. नीट धुतली नाही तर छिद्रं बुजतात, धुताना बोट किंवा ब्रश लागला तर जाळी खराब होते आणि ती बदलणं महाग पडतं. शिवाय घरगुती वापराचे सगळे मेश सारखे नसतात. त्यात ब्युडेसोनाइड चालतं का, हे त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहावं लागतं.

मग रुग्णालयात मेश का दिसत नाही?

औषध जास्त पोचतं म्हटल्यावर सगळीकडे मेशच असायला हवा होता. काही अभ्यासांत मेश किंवा श्वासावर चालणाऱ्या नेब्युलायझरमुळे मुलांना लवकर आराम पडल्याचं दिसलं आहे. पण त्यामुळे अटॅकमधून बाहेर पडण्यात प्रत्येक वेळी मोठा फरक पडतो, असं ठामपणे सांगता येत नाही. कारण आपत्कालीन विभागात औषध एकदाच दिलं जात नाही. पहिल्या तासात दर २० मिनिटांनी डोस दिला जातो, मूल तपासलं जातं आणि गरजेनुसार पुढचा डोस ठरतो. अटॅक गंभीर असेल तर नेब्युलायझर सलग सुरू ठेवला जातो. एका डोसमध्ये थोडं औषध कमी पोचलं तरी ती कसर अशी भरून निघते.

दुसरं कारण ऑक्सिजन. गंभीर अटॅकमध्ये मुलाच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झालेला असतो. सालब्युटामॉल दिल्यावर तो काही वेळ आणखी थोडा खाली जाऊ शकतो. म्हणून रुग्णालयात जेट नेब्युलायझर साध्या हवेवर न चालवता मिनिटाला ६ ते ८ लिटर ऑक्सिजनवर चालवतात. औषध आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच मास्कमधून जातात.

घरच्या कॉम्प्रेसरमध्ये आणि रुग्णालयाच्या नेब्युलायझरमध्ये सगळ्यात मोठा फरक हाच आहे. मास्क दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण घरच्या मशीनमधून फक्त खोलीतली हवा येते.

पंप आणि स्पेसर: दिसायला साधा, पण...

आता या तुलनेतला चौथा पर्याय. इनहेलर, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'पंप', आणि त्याला जोडलेली प्लॅस्टिकची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर. पंप दाबला की औषध आधी स्पेसरमध्ये थांबतं आणि मूल नेहमीसारखा श्वास घेत ते आत घेतं. पंप दाबायची आणि श्वास घ्यायची वेळ जुळवण्याची गरज राहत नाही. लहान मुलांसाठी स्पेसरला बेबी मास्क लावता येतो.

स्पेसर आणि नेब्युलायझर यांची तुलना जगभर अनेकदा झाली आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये अशा ३९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात १,८९७ मुलं आणि ७२९ प्रौढ होते. निष्कर्ष असा होता की रुग्णालयात दाखल करावं लागण्याच्या बाबतीत नेब्युलायझर स्पेसरपेक्षा सरस ठरला नाही. स्पेसरवर उपचार झालेली मुलं आपत्कालीन विभागातून सरासरी ३३ मिनिटं लवकर मोकळी झाली. नेब्युलायझरवरच्या मुलांना तिथे सरासरी १०३ मिनिटं लागली होती. हात थरथरणं आणि नाडी वाढणं हे त्रासही स्पेसरमध्ये कमी दिसले.

मात्र जीवावर बेतलेले अटॅक या आढाव्यात नव्हते. म्हणून सौम्य आणि मध्यम अटॅकसाठी पंप आणि स्पेसर, तर गंभीर अटॅकसाठी ऑक्सिजनवरचा नेब्युलायझर, अशी विभागणी आज बहुतेक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दिसते.

स्पेसर महाग असण्याचीही गरज नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये बालरोगतज्ज्ञ हेदर झार आणि सहकाऱ्यांनी ५०० मिलीच्या प्लॅस्टिक बाटलीपासून स्पेसर तयार केला आणि दम्याच्या अटॅकमधल्या मुलांवर त्याची चाचणी घेतली. पंप बसवलेली जागा नीट सील केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच प्रभावी ठरली. थर्माकोलच्या कपाचा परिणाम मात्र सगळ्यात कमी होता. हा अभ्यास १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला.

जिथे तासन्‌तास वीज जाते अशा गावात हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. कॉम्प्रेसर विजेशिवाय बंद पडतो. पंप आणि स्पेसर शाळेच्या दप्तरात, एसटीत, शेतात कुठेही चालतो.

'पंपाची सवय लागते' हे खरं आहे का?

नाही. पंपातलं सालब्युटामॉल आणि नेब्युलायझरमधलं सालब्युटामॉल हे एकच औषध आहे. तरीही मशीनची 'वाफ' चालते, पण पंप नको, असं म्हणणारे अनेक पालक असतात. 'एकदा पंप लागला की आयुष्यभर सुटत नाही' ही भीती त्यामागे असते. मुलीच्या बाबतीत तर 'पुढे लग्नाचं काय' हा विचारही येतो.

डोस पाहिला तर उलटंच चित्र दिसतं. पंपाच्या एका दाबात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. अटॅकमध्ये डॉक्टरांनी सहा पफ द्यायला सांगितले तर ते ६०० मायक्रोग्रॅम होतात. नेब्युलायझरच्या एका रेस्प्यूलमध्ये २,५०० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे चौपटीहून जास्त. पण त्यातलं बरंचसं कपात उरतं, हवेत उडतं, चेहऱ्यावर बसतं. शेवटी फुप्फुसात जे पोचतं ते स्पेसरमधून पोचणाऱ्या औषधापेक्षा फार वेगळं नसतं.

पंप वारंवार लागत असेल तर ती सवय नव्हे. दमा आटोक्यात नसल्याचं ते लक्षण आहे आणि त्यासाठी रोजच्या औषधात बदल लागतो.

मशीनपेक्षा मास्क महत्त्वाचा

साधन कोणतंही असो, औषध वाया जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे चेहऱ्यापासून दूर धरलेला मास्क. मूल मास्क ढकलतं, रडतं, म्हणून पालक तो तोंडासमोर नुसता धरून ठेवतात. धुकं चेहऱ्यावर जाताना दिसतं आणि औषध मिळालं असं वाटतं. प्रत्यक्षात मास्क एक-दोन सेंटिमीटर दूर गेला तरी मिळणारं औषध निम्म्याहून जास्त कमी होतं.

रडण्यानेही फायदा होत नाही. 'रडलं की खोल श्वास घेतं, औषध जास्त जातं' असं म्हटलं जातं, ते चुकीचं आहे. रडताना श्वास सोडणं लांबतं, घेणं मात्र झटक्यात होतं. त्यामुळे औषध घशात अडकतं.

म्हणून बाळाला मांडीवर घेऊन, पाठ आपल्या छातीला टेकवून, मास्क नाक-तोंडावर नीट बसेल असा धरावा. त्याच वेळी गोष्ट सांगा, मोबाईलवर गाणं लावा, बाहुलीला आधी मास्क लावून दाखवा. स्पेसर वापरताना पंप हलवून एका वेळी एकच पफ द्यावा, मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत आणि मग पुढचा पफ द्यावा. नवा प्लॅस्टिकचा स्पेसर आधी साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवावा. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

घरच्या मशीनचा खरा धोका

घरी नेब्युलायझर असणं वाईट नाही. डॉक्टरांनी काही मुलांसाठी तो सुचवलेलाही असतो. धोका आहे तो उशिराचा. एक डोस दिला, जरा बरं वाटलं, तासाभरात पुन्हा धाप लागली, म्हणून पुन्हा डोस, असं करत रात्र काढली जाते. तोवर नलिकांमधली सूज वाढत राहते आणि त्यावर सालब्युटामॉल पुरेसं पडत नाही. स्टेरॉइड आणि ऑक्सिजन मिळायला हवा होता ते तास हातातून जातात.

२०१९ च्या 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' अंदाजानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे.

खालीलपैकी एकही लक्षण दिसलं तर घरी वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात जावं:

- मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, बाळ दूध किंवा पाणी पिऊ शकत नाही
- श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जाते
- ओठ किंवा जीभ निळसर, राखाडी दिसते
- मूल सुस्त, गोंधळलेलं किंवा फार अस्वस्थ आहे
- ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली आहे
- औषध देऊनही आराम नाही, किंवा तीन-चार तासांत पुन्हा औषध लागतंय

आणखी एक खूण फसवी असते. जोरात घरघरणारी छाती अचानक शांत झाली, पण मूल थकलेलंच दिसतंय, तर ते बरं झाल्याचं लक्षण नसतं. आवाज येण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नसल्याचा तो इशारा असू शकतो. रुग्णालयात पोचेपर्यंत पंप आणि स्पेसरने औषध देणं सुरू ठेवता येतं.

कोणती रेस्प्यूल कशासाठी?

मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या रेस्प्यूल दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कामं वेगळी असतात. अस्थालिनमध्ये सालब्युटामॉल असतं. ड्युओलिनमध्ये लेव्होसालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम असतं. ही दोन्ही नलिका उघडणारी औषधं आहेत. ब्युडेकॉर्टमध्ये ब्युडेसोनाइड असतं, ते सूज कमी करतं. अटॅकमध्ये फक्त ब्युडेसोनाइड देऊन धाप थांबत नाही. नुसतं सलाइन दिल्यानेही आवळलेले स्नायू सैल होत नाहीत. घरात कोणती रेस्प्यूल आहे आणि ती कधी द्यायची, हे डब्यावर मराठीत लिहून ठेवलं तर रात्री घाईत चूक होत नाही.

मास्क आणि कप प्रत्येक वापरानंतर धुऊन पूर्ण वाळवावेत आणि दुसऱ्या मुलाला देऊ नयेत. ओल्या कपात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी औषधासोबत तेच छातीत जातात.

विकत घेण्याआधी डॉक्टरांना काय विचाराल?

पहिला प्रश्न 'कोणतं मशीन घेऊ?' हा नको, 'माझ्या मुलाला मशीन लागणार आहे का?' हा हवा. बहुतेक मुलांसाठी पंप, स्पेसर आणि योग्य मापाचा मास्क पुरतो. मशीन खरंच लागणार असेल, तर साधा जेट कॉम्प्रेसर पुरेसा आहे. सतत प्रवास किंवा विजेची अडचण असेल आणि खर्च परवडत असेल तर मेशचा विचार करता येतो. अल्ट्रासॉनिक टाळावा.

त्यानंतर तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: अटॅक आला तर किती पफ द्यायचे, किती वेळाने पुन्हा द्यायचे आणि कोणत्या क्षणी घर सोडून रुग्णालयाकडे निघायचं. स्पेसर वापरण्याची पद्धत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावी. हा कागद फ्रिजवर लावावा आणि त्याचा फोटो आजी-आजोबा, शाळेतल्या बाई आणि पाळणाघरातल्या ताईंच्या फोनमध्येही असू द्यावा. अटॅक येईल तेव्हा मुलाजवळ आई-बाबाच असतील असं नाही.